कस्टमरचा ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल’चा मेल आलाय? फॉर्म कसा भरायचा आणि नीट का भरायचा

दिवाळी झाली की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एक्स्पोर्टशी संबंध असलेल्या युनिटमध्ये हा मेल येतोच. सोबत एक एक्सेल फाईल असते, तिचं नाव सीएमआरटी (कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्टिंग टेम्प्लेट), आणि खाली लिहिलेलं असतं की दहा दिवसांत भरून पाठवा नाहीतर सप्लायर रेटिंगवर परिणाम होईल. मालक मेल परचेसला फॉरवर्ड करतात, परचेसवाले क्वालिटीला, क्वालिटीवाले म्हणतात हे आमचं काम नाही, आणि नवव्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी सगळीकडे ‘नो’ टाकून फाईल पाठवून देतं. मी गेली नऊ वर्षं हा फॉर्म भरतेय, आधी वायर हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत आणि आता सेन्सर असेंब्लीच्या एका छोट्या युनिटमध्ये, आणि मला सुरुवातीला हे कुणीच समजावून सांगितलं नव्हतं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. लांब झालंय, पण पहिल्यांदा भरणार असाल तर पूर्ण वाचा.

हे विचारतात कशासाठी

‘कॉन्फ्लिक्ट मिनरल’ म्हणजे ज्याच्या पैशावर लढाया चालतात असं खनिज. त्यात चार धातू आहेत: कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं. कथील म्हणजे टिन, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ते. टँटलम बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं पण मोबाईलमधल्या आणि गाडीच्या कंट्रोल युनिटमधल्या छोट्या कपॅसिटरमध्ये ते असतं आणि ते कोल्टन नावाच्या काळ्या दगडातून काढतात. या चौघांचं खनिज आफ्रिकेतल्या काँगो देशाच्या पूर्व भागात, उत्तर किवू, दक्षिण किवू, मानिएमा, इतुरी अशा प्रांतांमध्ये सापडतं, आणि तिथे १९९० च्या दशकापासून लढाया चालू आहेत. ज्या टोळीच्या हातात बंदूक ती टोळी खाणीवर, रस्त्यावर, पोत्यावर कर बसवते आणि त्या पैशातून परत बंदुका घेते.

एकच उदाहरण सांगते. उत्तर किवूमध्ये मसिसी भागात रुबाया नावाचं गाव आहे, जगातल्या कोल्टनपैकी साधारण १५ टक्के एकट्या तिथून येतं असं सांगतात. तिथे मोठं मशीन नाही, माणसं फावडं आणि लोखंडी कांबीने डोंगर उकरतात, माती ओढ्याच्या पाण्यात धुतात, खाली उरलेला जड काळा चुरा पोत्यात भरतात आणि पोतं डोक्यावरून नाहीतर मोटरसायकलवरून व्यापाऱ्याकडे जातं. २०२४ च्या एप्रिलमध्ये एम२३ या बंडखोर गटाने रुबाया ताब्यात घेतलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने नंतर अहवालात लिहिलं की तिथल्या खनिजावरच्या करातून या गटाला महिन्याला किमान ८ लाख डॉलर मिळतात आणि माल सीमा ओलांडून रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळतो. रवांडा हे आरोप नाकारतं. पुढे २०२५ च्या जानेवारीत या गटाने गोमा शहर घेतलं, फेब्रुवारीत बुकावू. बुकावूमध्येच डॉ. डेनिस मुकवेगे यांचं पांझी हॉस्पिटल आहे, बलात्कार झालेल्या हजारो बायकांवर तिथे उपचार झालेत, डॉ. मुकवेगेंना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि खनिजाचा पैसा आणि बायकांवरचे अत्याचार यांचा संबंध ते वर्षानुवर्षं सांगत आलेत. मला हा फॉर्म म्हणजे नुसती एक्सेल शीट वाटत नाही ती यामुळे.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत २०१० मध्ये डॉड-फ्रँक नावाचा मोठा कायदा झाला, त्याच्या कलम १५०२ मुळे तिथल्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना दरवर्षी ३१ मेपर्यंत आधीच्या कॅलेंडर वर्षाचा रिपोर्ट द्यावा लागतो. युरोपियन युनियनचा कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तो मुख्यतः धातू आणि खनिज थेट आयात करणाऱ्यांवर आहे. आपल्यावर, म्हणजे भोसरीतल्या युनिटवर, यातला कुठलाच कायदा थेट लागू नाही. पण कस्टमरला ३१ मेला रिपोर्ट द्यायचा असतो, तो त्याच्या सप्लायरला विचारतो, तो पुढच्याला, आणि असं करत करत प्रश्न आपल्यापर्यंत येतो. मेल नोव्हेंबर ते मार्चमध्येच का येतात ते यावरून कळेल.

साखळीचा आकार डोक्यात ठेवा

ही साखळी डमरूसारखी आहे. एका बाजूला हजारो छोट्या खाणी आणि खड्डे, दुसऱ्या बाजूला आपल्यासारखे लाखो कारखाने, आणि मध्ये बारीक कंबर, म्हणजे जगभरातल्या काही शे स्मेल्टर आणि रिफायनरी, जिथे खनिज वितळवून धातू करतात. भट्टीत एकदा माल वितळला की कुठल्या डोंगरातला कुठला हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे जे काय तपासायचं ते भट्टीच्या दारातच तपासावं लागतं. म्हणून सगळा फॉर्म एकाच प्रश्नाभोवती फिरतो: तुमच्या मालातला धातू कुठल्या भट्टीतून आला? तुम्ही काँगोला जाऊन यावं अशी कुणाची अपेक्षा नाहीये. भट्टीचं नाव शोधा, एवढंच. हे समजलं की अर्धी भीती जाते.

पहिलं काम: आपल्या मालात काय आहे

फॉर्म उघडायच्या आधी बीओएम, म्हणजे मालात काय काय लागतं त्याची यादी, उघडा. प्रत्येक पार्ट नंबर घ्या आणि मटेरिअल कॉलम बघत चला. माझ्या टेबलावर आत्ता अर्ध्या किलोचं सोल्डर वायरचं रीळ आहे, लेबलवर एसएसी३०५ लिहिलंय, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. म्हणजे ५०० ग्रॅमच्या रिळात ४८० ग्रॅमच्या वर कथीलच आहे. आमच्या स्टोअरवाल्या दादांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मी इतकी वर्षं याला शिसं समजत होतो. जुन्या ६३/३७ सोल्डरमध्ये सुद्धा ६३ कथीलच असायचं.

कथील सगळ्यात जास्त लपून बसतं म्हणून त्याच्यावर वेळ घालवा. सोल्डर, टर्मिनलवरचं टिन प्लेटिंग, गनमेटल आणि फॉस्फर ब्रॉन्झच्या बुश, व्हाइट मेटलचे बेअरिंग, काही पितळी ग्रेड, पत्र्याचे टिनचे डबे, आणि काही पीव्हीसीमध्ये स्टॅबिलायझर म्हणून वापरलेली कथलाची संयुगं. आम्ही हार्नेसच्या कंपनीत प्लेटिंग पकडलं होतं पण पीव्हीसी तिसऱ्या वर्षी लक्षात आलं.

सोनं कनेक्टरच्या कॉन्टॅक्टवर मायक्रॉनमध्ये असतं आणि आयसीच्या (चिपच्या) आतल्या बारीक तारेत असू शकतं, त्यामुळे तुमच्या मालात पीसीबी (सर्किट बोर्ड) असेल तर सोनं आहे असं धरूनच चाला आणि टँटलम कपॅसिटर आहे का ते डिझाइनवाल्याला विचारा. टंगस्टनवर सगळ्यांचा गोंधळ होतो. सीएनसीवरचे कार्बाइड इन्सर्ट टंगस्टनचेच असतात, पण ते आपलं हत्यार आहे, मालात राहत नाही, म्हणून ते धरायचं नाही. टिग वेल्डिंगचं इलेक्ट्रोड तसंच. पण तुम्ही स्वतः ड्रिल, कटर, इन्सर्ट बनवून विकत असाल तर तोच तुमचा माल, मग पूर्ण धरायचं.

दोन कसोट्या लावायच्या. धातू मुद्दाम घातलाय का, आणि तो तयार मालात राहतोय का. पोलादात अशुद्धी म्हणून कथलाचा अंश येतो तो मुद्दाम घातलेला नाही, तो सोडून द्या. नुसता झिंक प्लेटेड बोल्ट असेल तर त्या झिंकमुळे यातलं काही येत नाही. चारही धातूंना खरोखर ‘नाही’ उत्तर येत असेल तर फॉर्म दहा मिनिटांत संपतो आणि त्यात काही गैर नाही, फक्त ते बीओएम बघून ठरवलेलं असू दे.

दुसरं काम: वेंडरला विचारणं, आणि इथेच सगळा वेळ जातो

ज्या वेंडरकडून या चार धातूंपैकी काही येतं त्यांचीच यादी करा, सगळ्या वेंडरना मेल टाकू नका. खोका देणाऱ्याला आणि रबर वॉशर देणाऱ्याला कॉन्फ्लिक्ट मिनरलचा मेल पाठवला की तो पण वैतागतो आणि तुमचा रिस्पॉन्सचा टक्का पण उगाच घसरतो. आमच्याकडे १४० च्या आसपास वेंडर आहेत, त्यातले या कामाचे २३ निघाले.

मोठ्या कंपन्यांचे पार्ट असतील, म्हणजे कनेक्टर, कपॅसिटर, आयसी, तर त्यांचा सीएमआरटी बहुतेक वेळा त्यांच्या वेबसाइटवर असतो किंवा डिस्ट्रिब्युटरकडून मिळतो, तो डाउनलोड करा आणि तारीख बघा, दोन वर्षांपूर्वीचा असेल तर नवा मागा. घोडं अडतं ते छोट्या वेंडरकडे. आमचे प्लेटिंगवाले काका, तीन टाक्यांचं युनिट, चार माणसं. त्यांना मी इंग्रजी मेल पाठवला, पंधरा दिवस उत्तर नाही. फोन केला तर म्हणाले, मॅडम ते काँगोचं काय ते आमच्याकडे नाही, आम्ही टिन बाजारातून घेतो, पक्कं बिल आहे. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना प्रश्नच कळला नव्हता आणि चूक माझी होती. मग एक दिवस दुपारी मी जाऊनच बसले, चहा झाला, आणि मी विचारलं, काका, टाकीत टाकता त्या कथलाची वीट दाखवता का? त्यांनी कोपऱ्यातनं एक वीट काढली, हातात घेतली तर दिसते त्यापेक्षा कितीतरी जड, वरच्या बाजूला ओतकामातच अक्षरं उठलेली: बांका. तो इंडोनेशियातल्या पीटी तिमाह या सरकारी कंपनीचा ब्रँड आहे. मी फोटो काढला, बिलाची झेरॉक्स घेतली, व्यापाऱ्याला मेल टाकून लेखी घेतलं की या इनव्हॉइसचा माल याच भट्टीचा आहे. एका तासाचं काम झालं, मेलवर ते सहा महिने झालं नसतं.

म्हणून छोट्या वेंडरला फॉर्म पाठवू नका, त्यांना मराठीत नाहीतर हिंदीत तीन गोष्टी विचारा: कथील किंवा सोन्याचं केमिकल कुणाकडून घेता, विटेवर किंवा डब्यावर ब्रँड काय आहे, आणि शेवटचं बिल. फॉर्म तुम्ही भरा. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवते आणि फाईलच्या नावात वेंडर कोड आणि तारीख टाकून सेव्ह करते.

एक काळजी घ्या. पुष्कळदा वेंडर भट्टीच्या जागी व्यापाऱ्याचं नाव देतो, कारण त्याच्या दृष्टीने ‘आमचा टिनवाला’ तोच असतो. मुंबईतला धातूचा व्यापारी ही भट्टी नाही, सोल्डर वायर ओढणारी कंपनी पण भट्टी नाही, ती कुणाकडून तरी वीट घेऊनच वितळवते. अजून एक पायरी मागे जा.

फॉर्म भरणं

सीएमआरटी हा रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह, थोडक्यात आरएमआय, या संस्थेचा फॉर्म आहे आणि त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. भरून देण्याचे पैसे मागणारे लोक भेटतील, पहिल्यांदा मदत घ्यायला हरकत नाही पण माहिती तुमच्याकडेच आहे त्यामुळे शेवटी धावपळ तुम्हालाच करायची आहे. कायम नवीन व्हर्जन घ्या, जुन्या व्हर्जनमध्ये भरलेलं कस्टमरची सिस्टीम घेत नाही.

डिक्लरेशन शीटवर आधी स्कोप विचारतात, पूर्ण कंपनीसाठी भरताय का ठरावीक प्रॉडक्टसाठी. एकच कस्टमर आणि दोन-चारच पार्ट असतील तर प्रॉडक्ट लेव्हल घ्या, कस्टमरला तेच उपयोगी असतं. कंपनी लेव्हल घेतलं तर तुमच्या बाकी कस्टमरच्या मालातल्या भट्ट्या पण यादीत येतात.

मग प्रश्न. धातू मुद्दाम घातलाय का आणि मालात राहतो का, ते वर झालं. पुढे विचारतात की तुमच्या साखळीतली कुठली भट्टी ‘कव्हर्ड कंट्रीज’मधून माल घेते का. म्हणजे काँगो आणि त्याला लागून असलेले नऊ देश: अंगोला, बुरुंडी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, ब्राझाव्हिलचं काँगो, रवांडा, दक्षिण सुदान, टांझानिया, युगांडा आणि झांबिया. इथे ‘येस’ लिहायला लोक घाबरतात. घाबरू नका, ‘येस’ म्हणजे गुन्हा कबूल केला असं नाही. ऑडिट पास झालेल्या कितीतरी भट्ट्या या देशांमधून कायदेशीर माल घेतात. वेंडरच्या सीएमआरटीत ‘येस’ असेल आणि तुम्ही ‘नो’ लिहिलं तर मात्र ती खरी गडबड, आणि कस्टमरकडे दोन्ही फॉर्म असतील तर ती लगेच दिसते.

त्याच्यानंतरचा प्रश्न या दहा देशांपुरता नाही, जगातल्या कुठल्याही संघर्षग्रस्त किंवा जास्त जोखमीच्या भागाबद्दल आहे. म्यानमारमधल्या वा भागातलं कथील, सुदानचं सोनं, हे यात येतं. कथलाची भट्टी चीनमध्ये आहे म्हणजे खनिज चीनचंच असं नसतं, वा भागातून सीमेपलीकडे चीनच्या भट्ट्यांना पुष्कळ खनिज गेलंय.

किती टक्के वेंडरनी उत्तर दिलं या प्रश्नाला नेमका आकडा नसतो, टप्पे निवडायचे असतात. आणि ‘सगळ्या भट्ट्या शोधून झाल्या का’ या प्रश्नाला खरं उत्तर बऱ्याच वेळा ‘नो’ असतं. लिहा ‘नो’. कॉमेंटच्या रकान्यात लिहा की २३ पैकी १७ वेंडरनी उत्तर दिलं, ६ बाकी आहेत, त्यांचा पाठपुरावा जूनपर्यंत करू. मला एका कस्टमरच्या टीममधल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की शंभर टक्के आणि सगळं हिरवं असा फॉर्म दिसला की आम्ही तोच आधी उघडून तपासतो.

स्मेल्टर लिस्टच्या शीटवर नाव टाइप करत बसू नका. प्रत्येक ओळखलेल्या भट्टीला सीआयडी आणि पुढे सहा आकडे असा नंबर असतो, तो टाकला की नाव, देश, गाव आपोआप येतं. एकाच भट्टीची चार नावं, चार स्पेलिंग चालू असतात, नंबर टाकला की तो घोळ मिटतो. फॉर्ममध्येच स्मेल्टर लुकअपची शीट आहे, तिथे शोधा. रिसायकल केलेला धातू असला तरी भट्टीचं नाव द्यावंच लागतं, ‘भंगारातून आलंय’ एवढ्यावर भागत नाही. शेवटी चेकर शीट उघडा, लाल दिसेल ते राहिलंय. पण चेकर फक्त रकाने भरलेत का एवढंच बघतो, भरलेलं खरं आहे का ते त्याला कळत नाही.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगते, कारण हे अजूनही सर्रास चालतं. एका मोठ्या सप्लायरच्या सीएमआरटीतली अख्खी स्मेल्टर लिस्ट कॉपी केली आणि आमच्या फॉर्ममध्ये चिकटवली, दोनशेच्या वर नावं. त्यात टँटलमच्या भट्ट्या होत्या आणि आमच्या त्या हार्नेसमध्ये टँटलम नव्हतंच. कस्टमरने परत पाठवून विचारलं, हा टँटलम कुठल्या पार्टमध्ये आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट याचं वाटलं की त्या यादीत एक निर्बंध लागलेली रिफायनरी पण होती, आणि आमच्या मालाशी काही संबंध नसताना मी सहीनिशी लिहून दिलं होतं की तिचं सोनं आमच्याकडे येतं. तेव्हापासून यादीतल्या प्रत्येक भट्टीपुढे मी माझ्या स्वतःच्या शीटमध्ये लिहिते की ही कुठल्या वेंडरच्या कुठल्या पार्टमुळे आली.

यादी झाली, आता ती तपासा

बरेच जण इथपर्यंत येऊन फाईल पाठवून देतात. पण कामाचा गाभा इथून पुढे आहे. आरएमआयच्या साइटवर प्रत्येक धातूची ऑडिट झालेल्या भट्ट्यांची यादी असते, ‘कन्फॉर्मंट’ म्हणजे बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून पास, ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे प्रक्रियेत आहे. आपल्या यादीतला एकेक सीआयडी तिथे लावून बघा. यादी बदलत राहते, मागच्या वर्षी असलेली भट्टी यंदा नसते, म्हणून दरवर्षी नव्याने बघायचं. सोबत अमेरिकेच्या आणि युरोपियन युनियनच्या निर्बंधांच्या यादीत नाव आहे का ते पण बघा.

पण ऑडिट पास म्हणजे डोळे झाकून विश्वास, असं पण नको. काँगो आणि रवांडात बरीच वर्षं इट्स्की नावाची योजना चालते, खाणीवर पोत्याला नंबरचा प्लास्टिक टॅग लावायचा, व्यापाऱ्याकडे दुसरा टॅग, वहीत नोंद. कल्पना चांगली आहे, पण टॅग विकले जातात, बंदी असलेल्या खाणीचा माल चालू खाणीच्या टॅगखाली जातो, असे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांपासून स्वयंसेवी संस्थांपर्यंत अनेकांनी केले, आणि २०२२ मध्ये आरएमआयने तिची मान्यता काढून घेतली. रुबाया पडल्यानंतर तर काँगो सरकारने मसिसी आणि कालेहे भागातल्या खाणींना ‘लाल’ दर्जा दिला, म्हणजे तिथला माल घेणंच बंद. २०२४ च्या डिसेंबरमध्ये काँगोने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये अ‍ॅपलच्या उपकंपन्यांविरुद्ध तक्रार दाखल केली, अ‍ॅपलने आरोप नाकारले आणि सांगितलं की सप्लायरना काँगो आणि रवांडातून माल घेणं थांबवायला सांगितलंय. एवढ्या मोठ्या कंपनीची ही परिस्थिती आहे तर आपला कागद आपल्याला तरी नीट माहीत असायला हवा.

यादीत ऑडिट नसलेली भट्टी निघाली तर ती ओळ डिलीट करू नका. ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात वाईट गोष्ट, कारण फॉर्म सुंदर दिसतो आणि माल तोच येत राहतो. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची जी मार्गदर्शिका आहे, ज्याच्यावर हे सगळं उभं आहे, तिच्यात साधं सांगितलंय: खुनाखराबा, बलात्कार, सक्तीची मजुरी, लहान मुलांची राबवणूक यातलं भयंकर काही दिसलं किंवा सशस्त्र टोळीला पैसा जातोय असं दिसलं तर खरेदी ताबडतोब थांबवा, बाकी बाबतीत सप्लायरशी बोला, मुदत द्या, सुधारणा होते का बघा. आपण छोटे, आपण भट्टीला काय सांगणार असं वाटतं, पण वेंडरला तर सांगू शकतो. आमच्या सोल्डरवाल्याला मी लिहिलं की यादीतल्या अमुक भट्टीचं ऑडिट नाही, सहा महिन्यांत एकतर त्यांचं ऑडिट चालू झाल्याचं दाखवा नाहीतर दुसरा स्रोत द्या, आणि तेवढंच कस्टमरला कळवलं. त्यांनी दुसऱ्या भट्टीची वीट चालू केली. किलोला थोडा दर वाढला, मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून वाद झाला नाही.

‘आम्ही काँगोचा माल घेत नाही’ हे लिहायचं का

बरेच जण पॉलिसीत हेच वाक्य टाकतात आणि हात झटकतात. मला हे पटत नाही, आणि याच्यामागे घडलेली गोष्ट आहे. २०१० मध्ये अमेरिकेचा तो कायदा झाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कबिला यांनी उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा इथल्या खाणी बंद केल्या, त्या २०११ च्या मार्चपर्यंत बंद राहिल्या, आणि नंतरही परदेशी कंपन्या नको ती भानगड म्हणून तिथला माल घेईनात. हाताने खणून पोट भरणारी हजारो कुटुंबं होती, त्यांचा रोजगार गेला, मुलांच्या शाळेची फी, दवाखाना सगळं त्या पोत्यावर होतं. टोळ्या मात्र सोन्याकडे वळल्या, कारण सोनं खिशात घालून सीमेपलीकडे नेता येतं. युद्ध थांबलं नाही, गरीब माणूस तेवढा अजून गरीब झाला.

म्हणून पॉलिसीत असं लिहा: आम्ही कुठल्याही सशस्त्र टोळीला फायदा होईल असा माल घेणार नाही, कुठल्याही देशातला माल भट्टीच्या ऑडिटसह घेऊ, आणि वेंडरनी आम्हाला भट्टीचं नाव दिलं पाहिजे. एक पान पुरतं. त्यावर मालकांची सही, तारीख, आणि हे काम कुणाकडे आहे त्या माणसाचं नाव. नवीन पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) अटींमध्ये एक ओळ घाला की मागितल्यावर भट्टीची माहिती द्यावी लागेल. ही एक ओळ पीओत आल्यापासून माझे अर्धे फोन वाचलेत.

बाकीचं पटापट

ईएमआरटी नावाचा दुसरा फॉर्म येऊ शकतो. तो आधी कोबाल्ट आणि अभ्रकाचा होता, आता त्यात तांबं, ग्रॅफाइट, लिथियम, निकेल पण आलेत. बॅटरीशी संबंध असेल तर हा येणारच. अभ्रक मात्र आपल्या देशातला प्रश्न आहे, झारखंडमध्ये कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमध्ये नवादा इथे लहान मुलं अभ्रक वेचतात, आणि पेंट, हीटरच्या पट्ट्या, इन्सुलेशन यात तो असतो. तिथे ‘इंडियन मटेरिअल, नो इश्यू’ असं लिहू नका.

सोन्याचे दागिने करणाऱ्या ओळखीच्यांनी विचारलं होतं म्हणून: हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी शुद्धता सांगतो, सोनं कुठल्या खाणीतलं ते सांगत नाही. परदेशी ऑर्डरवाला विचारत असेल तर बुलियन कुठल्या रिफायनरीचा ते बारवरचा शिक्का आणि बिल बघून लिहा, आणि ती रिफायनरी लंडन बुलियन मार्केटच्या यादीत आहे का ते तपासा. जुनं सोनं मोडून केलेला माल असेल तर ते वेगळं लिहा, मिसळू नका.

कागद किमान पाच वर्षं ठेवा. वर्षाचा एक फोल्डर, आत वेंडरचा एकेक, त्यात मेल, फोटो, बिल, त्यांचा सीएमआरटी, आणि तुम्ही यादी कुठल्या तारखेला तपासली त्याचा स्क्रीनशॉट. माणूस नोकरी सोडून जातो आणि पुढच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते, हे मी दोन्ही कंपन्यांत पाहिलंय.

आणि तारखा. मी ऑक्टोबरमध्ये, कस्टमरचा मेल यायच्या आधीच, २३ जणांना विचारायला सुरुवात करते. डिसेंबरला पहिला आढावा, जानेवारीत उरलेल्यांना फोन, जो उत्तर देत नाही त्याच्याकडे प्रत्यक्ष जाऊन येते. फेब्रुवारीत यादी तपासते, मार्चच्या पहिल्या आठवड्यात सही. सहा वेंडर राहिले होते म्हटलं ना, त्यातल्या चौघांचं एप्रिल-मेमध्ये आलं, सुधारित फॉर्म कस्टमरला पाठवला. दोन अजून बाकी आहेत, एक गनमेटलच्या बुशवाले आणि एक पीव्हीसीचे. बुशवाल्यांकडे पुढच्या गुरुवारी जातेय, त्यांनी वीट बाजूला काढून ठेवतो म्हणून सांगितलंय.